सव्वाआठ लाखांचे कर्ज: रोजच्या खर्चातील कोणते बदल खरोखर उपयोगी पडतात?

ओसरी (वर्धमाननगर)

नमस्कार. आमच्या घरावर सध्या सव्वाआठ लाखांच्या आसपास कर्ज आहे. एकही हप्ता चुकलेला नाही, तरीही एकूण रक्कम कमी होताना दिसत नाही आणि क्रेडिट कार्डाची बाकी तर गेल्या दिवाळीपासून वाढतच गेली आहे. म्हणून सगळे आकडे मांडून येथील अनुभवी मंडळींचा सल्ला मागत आहे.

माझे यजमान नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतील एका कारखान्यात नोकरीला आहेत आणि मी एका खाजगी शाळेत शिकवते. पतसंस्थेची कपात धरण्यापूर्वी दोघांचे मिळून महिन्याला ६२,००० रुपये येतात. घर सासऱ्यांनी बांधलेले असल्यामुळे भाडे द्यावे लागत नाही. सासूबाई, आम्ही दोघे आणि दोन शाळकरी मुले असे पाच जण आहोत.

सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी आणि नंतरच्या उपचारांसाठी वैयक्तिक कर्ज घेतले होते. त्याचे ३,८०,००० रुपये बाकी आहेत. व्याज १५ टक्के, हप्ता १३,१७० आणि मुदत अजून तीन वर्षे. यजमानांच्या पतसंस्थेचे १,२०,००० बाकी असून १२ टक्के दराने दरमहा ४,००० पगारातून कापले जातात. एसी आणि मोबाइल बिनव्याजी हप्त्यांवर घेतले, त्यांचे मिळून ४,२०० रुपयांचे नऊ हप्ते राहिले आहेत. क्रेडिट कार्डावर १,४०,००० बाकी आहे. व्याज महिन्याला साडेतीन टक्के, आणि आम्ही दर महिन्याला किमान देय रक्कम, म्हणजे सुमारे ७,००० रुपये भरतो. याशिवाय मोठ्या नणंदेने उपचारांच्या वेळी दीड लाख रुपये दिले होते. त्यांनी ते कधी मागितले नाहीत, पण घरी आल्या की मला त्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येत नाही.

घरखर्च असा आहे: किराणा ९,०००, दूध ३,०००, भाजी आणि फळे ३,५००, मुलांची फी महिन्याला सरासरी ६,०००, वीज आणि गॅस सरासरी ३,५००, पेट्रोल ६,५००, मोबाइल, इंटरनेट आणि वाहिन्यांची वर्गणी २,२००, सासूबाईंची औषधे २,५००, आणि बाहेरचे खाणे व ऑनलाइन मागवलेल्या किरकोळ वस्तू मिळून ५,५००.

माझे प्रश्न असे आहेत. रोजच्या खर्चात काटकसर करून एवढे मोठे कर्ज खरोखर फिटू शकते का, आणि फिटत असेल तर सुरुवात कोठून करावी? मुलीच्या नावाने पीपीएफमध्ये साधारण १,१०,००० रुपये जमले आहेत, ते काढावेत का? सर्व कर्जे एकत्र करून एकच मोठे कर्ज देऊ, असे फोन सतत येतात, शिवाय इतवारीतील एक ओळखीचे गृहस्थ शेकडा तीन रुपयांनी पैसे द्यायला तयार आहेत. यांपैकी काही स्वीकारावे का? आणि महालक्ष्म्या जवळ येत आहेत. आमच्याकडे त्या दिवशी मोठी पंगत असते, आणि त्यात हात आखडता घ्यावा असे सासूबाईंना सांगण्याचे धैर्य मला होत नाही.

निवृत्त_हिशोबनीस (धरमपेठ)

ताई, तुम्ही आकडे इतके व्यवस्थित दिले आहेत की उत्तर त्यांतच दडलेले आहे. मी आयुष्यभर बँकेच्या कर्ज विभागात काम केले, त्या सवयीने आधी बेरीज करतो.

कार्डाचे ७,०००, वैयक्तिक कर्जाचे १३,१७०, वस्तूंच्या हप्त्यांचे ४,२०० आणि पतसंस्थेचे ४,००० मिळून दरमहा २८,३७० रुपये कर्जाकडे जातात. घरखर्चाची बेरीज ४१,७०० होते. दोन्ही मिळून ७०,०७० होतात आणि उत्पन्न ६२,००० आहे. म्हणजे दर महिन्याला सुमारे आठ हजारांची तूट आहे, आणि ती कोठून भरून निघते याचे उत्तर तुमच्या कार्डाच्या विवरणात आहे. एका हाताने तुम्ही कार्डावर ७,००० भरता आणि दुसऱ्या हाताने त्याच कार्डावर आठ हजारांची खरेदी होते.

आता त्या सात हजारांचे काय होते ते पाहा. १,४०,००० वर साडेतीन टक्क्यांनी महिन्याचे व्याज ४,९०० होते, व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो तो ८८२, म्हणजे ५,७८२ रुपये केवळ व्याजात जातात आणि मुद्दल जेमतेम बाराशेंनी कमी होते. शिवाय मागील बाकी पूर्ण भरलेली नसली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज घेतलेल्या साखरेवर आजपासूनच व्याज सुरू होते. त्यामुळे हप्ता न चुकवताही तुमची बाकी महिन्याला जवळजवळ सात हजारांनी वाढत असणार. तुम्ही नियमितपणे भरता आहात, यात शंका नाही. परंतु किमान देय रक्कम ही खाते थकीत होऊ नये म्हणून असते, कर्ज फिटावे म्हणून नव्हे.

म्हणून पहिले पाऊल काटकसरीचे नाही. कार्डाची खरेदी पूर्णपणे थांबवणे आणि ती बाकी स्वस्त कर्जात बदलणे, हे आधी व्हायला हवे. घरात थोडे सोने असेल तर बँकेच्या सोनेतारण कर्जाचा दर साधारणतः ९ ते १२ टक्क्यांच्या घरात असतो. १,४०,००० वर १० टक्के धरले तर पहिल्या महिन्याचे व्याज बाराशेच्या आत येते. म्हणजे एकही वस्तू कमी न करता दरमहा साडेचार हजारांहून अधिक रुपये वाचतात. भाजीवाल्याशी वर्षभर घासाघीस करूनही एवढे वाचणार नाहीत. मात्र कार्ड तसेच चालू ठेवले तर वर्षभरात सोनेतारणही राहील आणि कार्डही पुन्हा भरलेले असेल. ही गोष्ट मी इतक्या घरांत घडताना पाहिली आहे की ती आग्रहाने सांगतो.

इतवारीच्या गृहस्थांचे शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन, वर्षाला ३६ टक्के. कार्डापेक्षा ते थोडे कमी वाटतील, परंतु त्यात ना विवरण मिळते ना तक्रारीची जागा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणे हा गुन्हा आहे, तेव्हा तिकडे जाऊच नका. फोनवरून येणाऱ्या एकत्रीकरणाच्या कर्जात मुदत पाच-सात वर्षांपर्यंत ताणलेली असते, म्हणून हप्ता लहान दिसतो आणि एकूण व्याज वाढते. त्यात प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ताही मिसळलेला असतो. कर्ज देण्याआधीच शुल्क मागणारा फोन सरळ बंद करावा.

पीपीएफवर ७.१ टक्के व्याज मिळते आणि कार्डावर ४२ टक्के जाते, त्यामुळे निव्वळ गणिताने पीपीएफमधून काढणे गैर नाही. परंतु मुदतीआधी त्यातून ठरावीक मर्यादेतच रक्कम निघते, ती कमाल निम्मी धरा, आणि तेवढ्याने तुमचे कार्ड फिटणार नाही. सोन्याचा मार्ग उपलब्ध असेल तर मुलीच्या खात्याला हात लावू नका.

एसी आणि मोबाइलचे हप्तेही आहेत तसेच चालू द्या. ते लवकर फेडून व्याज वाचणार नाही. फक्त पुढील वस्तू घेताना लक्षात ठेवा की शून्य टक्के व्याज अशी काही चीज प्रत्यक्षात नसते. रिझर्व्ह बँकेनेही २०१३ मध्ये बँकांना तेच बजावले होते. ते व्याज सोडलेल्या सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात लपलेले असते.

महालची_सून (महाल)

हिशोबनीस काकांनी कर्जाची बाजू सांगितली, मी घराची बाजू सांगते. आमच्या घरावर मिस्टरांच्या दुकानामुळे मोठे कर्ज होते आणि ते आम्ही घरखर्चातूनच फेडले, त्यामुळे हे करता येते याबद्दल माझी खात्री आहे. परंतु त्या काळात मला एक गोष्ट स्पष्टपणे कळली की वाचवलेला रुपया कर्जापर्यंत पोहोचला नाही तर तो वाचलेलाच नसतो. किराण्यात आठशे रुपये वाचले आणि ते त्याच खात्यात पडून राहिले, तर महिना संपायच्या आत ते कशात तरी विरघळतात आणि आपल्याला मात्र काटकसर केल्याचे समाधान राहते. म्हणून ज्या दिवशी वाचतील त्याच दिवशी, मग ते दोनशे का असेनात, ते कर्जखात्यात भरायचे. पाचशे-सातशेचे असे भरणे आधी हास्यास्पद वाटते, पण तीन-चार महिन्यांनी बाकीचा आकडा पाहिला की घरातले सगळेच गंभीरपणे साथ देऊ लागतात.

यासाठी खाती वेगळी करा. पगाराचे खाते यूपीआयशी जोडलेले ठेवू नका. दुसऱ्या एका बचत खात्यात दर सोमवारी ठरावीक रक्कम वळती करा आणि फोनवर फक्त तेच खाते जोडा. किराणा, दूध, भाजी, पेट्रोल, रिक्षा आणि मुलांचे किरकोळ सर्व काही त्यातूनच होईल, आणि शुक्रवारी खात्यात दोनशे उरले असतील तर शनिवारची खरेदी आपोआप दोनशेची होईल. यात कोणाला कोणाशी भांडावे लागत नाही. आमच्याकडे आधी खर्चावरून रोज वाद व्हायचे. रक्कम खात्यानेच बांधून दिल्यावर ते थांबले.

आता एकेक खर्च पाहू. तुमच्या यादीत मला सर्वात आधी बाहेरचे खाणे दिसते, कारण ते चैनीतून आलेले नाही, थकव्यातून आलेले आहे. तुम्ही शाळेतून येता, यजमान हिंगण्याहून येतात, मुलांना भूक लागलेली असते आणि संध्याकाळी सात वाजता ओट्यावर काहीच तयार नसते. अशा वेळी फोन हातात घेतला जाणारच. कार्डाचे विवरण काढून तारखा पाहा, बहुतेक मागण्या कामाच्या दिवसांच्या संध्याकाळच्याच निघतील. म्हणून बंदी घालण्यापेक्षा संध्याकाळची सोय सकाळी करून ठेवावी. मी रात्री मटकी किंवा बरबटी (चवळी) भिजवून सकाळी शिजवून ठेवत असे, कणीक मळून फ्रीजमध्ये ठेवत असे, आणि रविवारी हरभऱ्याची डाळ वाटून गोळाभाताच्या गोळ्यांची तयारी करत असे. संध्याकाळी भात लावला की वाफेवर गोळे होतात, वरून चुरचुरीत फोडणी घातली की पाच माणसांचे जेवण अर्ध्या तासात तयार. मुलांना बाहेरचे चमचमीत हवे असते, त्यासाठी पाटवडीचा रस्सा शनिवारी ठरवून टाका. ज्या घरात तो दरवळतो त्या घरात त्या दिवशी सावजी मागवण्याचा विषय निघत नाही. यजमानांनीही संध्याकाळच्या स्वयंपाकात वाटा उचलला पाहिजे, हे मी मुद्दाम लिहिते, कारण काटकसर म्हणजे घरच्या बाईने अधिक राबणे असा अर्थ झाला तर ती चार महिनेसुद्धा टिकत नाही. या एका बाबतीत साडेपाच हजारांचे दीड हजारांवर येणे अवघड नाही.

किराण्यासाठी तुम्ही इतवारीच्या जवळ आहात, त्याचा फायदा घ्या. महिन्यातून एकदा किराणा ओळीत जाऊन डाळी, तांदूळ, गूळ, शेंगदाणे आणि मसाले घेतले तर घराजवळच्या दुकानापेक्षा आणि घरपोच मागवण्यापेक्षा फरक पडतो. मात्र यादी घरून करून न्यावी, आणि ती आठवून करू नये. मी स्वयंपाकघरातले डबे ओळीने खाली काढून, झाकण उघडून, किती उरले आहे ते पाहून यादी लिहीत असे. अनेकदा मागच्या रांगेत अर्धा किलो रवा, उघडलेली साबुदाण्याची पिशवी आणि विसरलेली मसूर डाळ सापडते, आणि त्या महिन्याच्या यादीतून तेवढ्या वस्तू गळतात. स्वस्त मिळते म्हणून तेलाचा पंधरा किलोचा डबा घेऊ नका. डबा भरलेला दिसला की हात सैल सुटतो आणि तेल लवकर संपते. वर्षाचा गहू भरायची आपल्याकडे पद्धत आहे, ती चांगली आहे, पण या वर्षी त्यासाठी कार्ड वापरणार असाल तर महिन्याचाच गहू घ्या.

भाजी आठवड्यातून एकदा कॉटन मार्केटमधून आणि मधल्या दिवसांत लागेल तेवढीच हातगाडीवरून घ्यावी. पालेभाज्या आणि सांबार (कोथिंबीर) एकदम जास्त आणू नयेत, ते अर्धे कचऱ्यात जाते. दुधात मी काहीही कमी करायला सांगणार नाही. मुले आणि सासूबाई आहेत. औषधेही जशीच्या तशी चालू द्या, फक्त डॉक्टरांना विचारून त्याच घटकाची जेनेरिक औषधे जनऔषधी केंद्रात मिळतात का ते पाहा, रोजच्या गोळ्यांमध्ये चांगला फरक पडतो.

विजेबद्दल एक सांगते. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो. १०० युनिटपर्यंत एक, पुढे ३०० पर्यंत दुसरा, मग ५०० पर्यंत तिसरा. दीड टनाचा एसी रात्रभर चालला तर आठ-दहा युनिट सहज जातात, म्हणजे महिन्याला तीनशेच्या आसपास, आणि घरातील बाकीचा वापर त्यात मिळवला की वरच्या टप्प्यातील दर लागतो. नागपूरचा एप्रिल-मे कोरडा असतो, तेव्हा कूलर उत्तम काम करतो आणि त्याला एसीच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी वीज लागते. मार्चमध्येच कूलरचे गवत किंवा खस बदलून, पंपाची जाळी साफ करून तो खिडकीत बसवा. मृग लागल्यानंतर हवा दमट झाली की कूलरचा उपयोग राहत नाही, त्या काळात एसी लावा. घेतलेला एसी वापरायचाच नाही, असे कोणी करत नाही आणि करूही नये.

संत्राबाग (मानेवाडा)

वरच्या दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, फक्त दोन गोष्टींबद्दल माझे मत वेगळे आहे.

पेट्रोलचे ६,५०० पाहून वाटते की यजमान हिंगण्याला कारने जात असावेत. वर्धमाननगर ते हिंगणा एमआयडीसी जाऊन-येऊन तीस किलोमीटरच्या वर होते, आणि कारने केवळ नोकरीच्या येण्याजाण्याचेच पाच हजारांच्या आसपास होतात. प्रजापतीनगर ते लोकमान्यनगर ही मेट्रोची अॅक्वा मार्गिका डिसेंबर २०२२ पासून संपूर्ण सुरू आहे आणि ती नेमकी तुमच्या भागातून निघून हिंगणा रस्त्यापर्यंत जाते, मध्ये गाडी बदलावी लागत नाही. मेट्रो सुचवणारे बरेच जण मेट्रोची तुलना कारशी करतात आणि दुचाकी विसरतात. दुचाकीला याच अंतरासाठी महिन्याला दोन हजारांच्या आत पेट्रोल लागते, त्यामुळे स्टेशनपासून कारखान्यापर्यंतची रिक्षा धरली तर मेट्रो दुचाकीपेक्षा स्वस्त पडेलच असे नाही. कंपनीची बस लोकमान्यनगरहून मिळत असेल तर मेट्रो, नसेल तर दुचाकी, आणि मे महिन्यातल्या उन्हात किंवा मुसळधार पावसात मेट्रो, असा हिशोब ठेवावा. कार मात्र आठवड्यातून एकदा, सगळे मिळून जायचे असेल तेव्हाच बाहेर काढावी. यात तीन हजार वाचतात.

दुसरी गोष्ट नणंदेच्या पैशांची. व्याजाच्या गणिताने ती रक्कम सर्वात शेवटी फेडायची, असे कोणीही सांगेल. माझे मत असे आहे की तिच्यासाठी पहिल्या महिन्यापासून हजार रुपये बाजूला काढून त्यांच्या खात्यात पाठवावेत आणि एकदा समोर बसून सांगावे की मोठी रक्कम अमुक काळानंतर सुरू होईल. हजार रुपयांनी तुमचे महागडे कर्ज फिटायला फार तर एखाद-दोन महिने अधिक लागतील. परंतु ज्या माणसाने अडचणीत विनाअट दीड लाख दिले त्याच्याशी मौन धरणे हे व्याजापेक्षा महाग पडते. नाती टिकली तर पुढच्या अडचणीत पुन्हा कार्डाकडे धावावे लागत नाही, एवढा साधा व्यवहारही त्यात आहे.

ओसरी (वर्धमाननगर)

सर्वांचे मनापासून आभार. काकांची बेरीज मी यजमानांना दाखवली तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत आणि नंतर त्यांनीच कार्डाचा तपशील खरेदीच्या अॅपमधून काढून टाकला. आठ हजारांची तूट आम्हाला कधी दिसलीच नव्हती, कारण आम्ही हप्ते एका वहीत आणि घरखर्च दुसऱ्या वहीत लिहीत होतो. कार्डाच्या विवरणातल्या तारखाही पाहिल्या. महालच्या ताईंनी म्हटल्याप्रमाणे बहुतेक मागण्या संध्याकाळच्याच आहेत.

सोन्याचा विषय काढला तेव्हा सासूबाईंनी स्वतःहून त्यांच्या पाटल्या पुढे केल्या. मी माझाच गोफ ठेवायचे ठरवले आहे. आम्ही सगळे मिळून नवे आकडे मांडले आहेत: बाहेरच्या खाण्यात ४,०००, पेट्रोलमध्ये ३,०००, किराणा आणि भाजीत मिळून २,०००, वर्गण्यांमध्ये ९०० आणि विजेत ५०० कमी, म्हणजे एकूण १०,४००. हे जमले तर सोनेतारण कर्जाकडे दर महिन्याला किती जाईल, आणि ते किती काळात फिटेल, हे काका तपासून सांगतील का? महालक्ष्म्यांचे मात्र अजून ठरलेले नाही.

निवृत्त_हिशोबनीस (धरमपेठ)

कार्ड गेल्यानंतर बांधील हप्ते २१,३७० राहतील आणि घरखर्च ३१,३०० वर येईल. ६२,००० मधून दोन्ही वजा केले तर ९,३३० उरतात. नणंदबाईंचे हजार काढले तर ८,३३०. नऊ महिन्यांनी वस्तूंचे हप्ते संपतील, तेव्हा ते ४,२०० सुद्धा याच कर्जाकडे वळवावेत. १० टक्के दर धरला तर सोनेतारण पंधरा-सोळा महिन्यांत फिटते. परंतु मी तुम्हाला दीड वर्ष धरायला सांगेन, कारण सुरुवातीच्या दोन महिन्यांचे उरलेले पैसे कर्जात न भरता पंधरा-वीस हजार रुपये वेगळे ठेवले पाहिजेत. गाडी बिघडली, मुलाला ताप आला, की हाताशी रोख नसणाऱ्या घरात पहिला विचार कार्डाचाच येतो.

सोनेतारण सुटल्यानंतर मोकळी झालेली सगळी रक्कम वैयक्तिक कर्जाकडे न्या. तोपर्यंत त्याची बाकी अडीच लाखांच्या आत आलेली असेल, आणि नेहमीच्या हप्त्याच्या जोडीला हे बारा-साडेबारा हजार गेले की ते वर्षाच्या आत संपते. मुदतीआधी भरताना शुल्क लागते का, आणि अंशतः रक्कम भरता येते का, हे आधी लेखी विचारून घ्या. शुल्क फार असेल तर तीच रक्कम आधी पतसंस्थेत भरा. तीन वर्षांच्या आत नणंदबाईंसकट सर्व कर्ज संपावे, असा माझा अंदाज आहे, आणि उत्पन्नात एका रुपयाचीही वाढ न धरता तो केलेला आहे.

सोनेतारण घेताना एक काळजी घ्या. काही प्रकारांत व्याज आणि मुद्दल वर्षअखेरीस एकदम भरायचे असते; तो प्रकार तुमच्यासाठी नाही. मासिक हप्त्यांचा, चोवीस महिन्यांचा प्रकार मागा आणि अधिकची रक्कम कधीही भरता येईल ना, हे विचारा. लागेल तेवढेच सोने ठेवा.

महालची_सून (महाल)

महालक्ष्म्यांबद्दल लिहिते, कारण तो प्रश्न मागे राहिला. आमच्या कर्जाच्या वर्षांतही महालक्ष्म्या झाल्या आणि कुळाचार पूर्ण झाला. मी सासूबाईंसमोर वही ठेवून विचारले की यातले देवीचे कोणते आणि आपण वाढवत नेलेले कोणते. त्यांनीच सांगितले की सोळा भाज्या, पुरण, कढी, वडे, आंबील आणि सवाष्ण-ब्राह्मण हे देवीचे. मंडपवाला, आचारी, प्रत्येक सवाष्णीला साडी आणि कॉलनीची पंगत हे नंतर आलेले. सोळा भाज्या मिसळून एकत्र करायच्या असतील तर प्रत्येकीची पावशेरसुद्धा पुरते. साडीऐवजी खण-नारळाने ओटी भरली, दोन्ही जावा आदल्या रात्रीपासून मदतीला आल्या आणि पंगत घरच्यांची झाली. तुमच्या सासूबाईंनी स्वतःच्या पाटल्या पुढे केल्या आहेत. त्यांना खर्चाचे सांगायला धैर्य लागेल असे मला वाटत नाही, फक्त निर्णय त्यांच्या तोंडून येऊ द्या. ऐन सणाच्या आठवड्यात विचारू नका, आजच विचारा, कारण आचारी आणि मंडपवाल्याला एकदा आगाऊ रक्कम दिली की मागे फिरता येत नाही.

निवृत्त_हिशोबनीस (धरमपेठ)

ताईंनी सांगितले ते योग्यच आहे. माझ्याकडून एक शेवटची सूचना राहिली होती. सोनेतारणाचे पैसे मिळाले की त्याच दिवशी कार्डाची पूर्ण बाकी भरा. परंतु विवरणाच्या तारखेनंतरचे व्याज पुढच्या महिन्यात लागून येते, ते भरेपर्यंत कार्ड बंद करण्याचा अर्ज देऊ नका. बाकी खरोखर शून्य झाल्यावर ईमेलने किंवा अॅपमधून लेखी अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार, काही देणे शिल्लक नसेल तर बँकेला कार्ड सात कामकाजाच्या दिवसांत बंद करावे लागते, आणि तसे न केल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी बँकेने ग्राहकाला ५०० रुपये द्यायचे असतात. बंद करू नका, मर्यादा वाढवून देतो, वार्षिक शुल्क माफ करतो, असे फोन त्या आठवड्यात येतील. देणे नसल्याचे पत्र मागून घ्या आणि दोन महिन्यांनी क्रेडिट अहवालात ते खाते बंद दिसते का ते तपासा. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल मोफत मिळतो.